निवृत्तीची खोली

१९ मे १९६३, बुलढाणा

ह्या पुढच्या दोन खोल्या बांधून झाल्या त्या संध्याकाळी आम्ही दोघं इथल्या उंबऱ्यावर बसून चहा प्यायलो होतो. भांडी सगळी आतल्या घरात होती, हाताशी एकच कप आणि एकच बशी. मी कपातून प्यायले, ह्यांनी बशीतून. कॉन्व्हेंटमध्ये बशीतून पिणं फार वाईट समजत, त्यामुळे लग्नानंतर कित्येक वर्षं हे चहा प्यायला लागले की मी दुसरीकडे पाहायची. त्या दिवशी मात्र पाहत बसले. ह्यांच्या मिशीला चुना लागला होता आणि त्यांना ते ठाऊक नव्हतं. "इथं बिऱ्हाड आलं की आपल्या घरात बोलणं येईल बघ," हे म्हणाले. प्रभाकर तेव्हा शिकायला बाहेर गेला होता. घर फार गप्प झालं होतं.

हे जाऊन पाच वर्षं झाली. दिवाळीला भाडेकरू ओव्हरसियरांची बदली अकोल्याला झाली, तेव्हापासून खोल्या रिकाम्या आहेत. आज प्रभाकरचं पुण्याहून पत्र आलं. दसऱ्यापर्यंत खोल्या लागल्या नाहीत तर घर विकून टाकू, तू इकडे ये, असं त्यानं चांगल्या शब्दांत लिहिलं आहे. माझ्यासाठी गॅलरी काचा लावून बंद करून घेतली आहे म्हणे. गॅलरीत राहायचं, ह्या वयात.

जून महिना बदल्यांचा. माणसं येतील.

२ जून

चुना झाला. दारावर पाटी लावली: "दोन खोल्या भाड्याने देणे आहे." अक्षर माझं. मागच्या बिऱ्हाडातल्या मनकर्णाबाई कमरेवर हात ठेवून पाटी पाहत उभ्या राहिल्या. त्यांचे यजमान पुंजाजी कोर्टात बेलिफ आहेत, ह्यांच्या वेळेपासून आमच्याकडे राहतात.

"पाटी तं लय झ्याक हाये, वकिलीणबाई. पन मानूस बी पसंत पडलं पाह्यजे ना तुमाले. यष्टीचा डायवर आला तं तो म्हने राती-बेराती येईन. पोलीस आला तं तो म्हने मिशा पिळते. आता काय देव येनार हाये भाड्यानं?"

मी हसले. पण खरंच, घरात कोण येतं ते पाहायला नको का?

६ जून

मनासारखं माणूस आलं. इंद्रभान इंगळे, जिल्हा परिषदेत बांधकाम खात्यात क्लार्क, धामणगाव बढ्याचे. वय असेल सव्वीस-सत्तावीस. दारात चपला काढल्या, त्या भिंतीशी नीट लावून ठेवल्या. सिस्टर क्लेअर म्हणायच्या, माणूस पाहायचा असेल तर तो दारातून कसा येतो ते पाहा.

खोल्या पाहून ते खिडकीपाशी थांबले आणि "इथून दवाखाना किती जवळ आहे," म्हणाले. मग जरा अडखळत सांगितलं. बायकोला दिवस गेले आहेत. पहिलं मूल गावी बाळंतपणातच गेलं, तीही जेमतेम वाचली. या खेपेला डॉक्टरांनी बजावून सांगितलं आहे, शेवटचे दोन महिने दवाखान्याजवळ राहा. गावाहून मोताळा, मग राजूरचा घाट, पावसाळ्यात गाडीचा भरवसा नाही.

"ह्या खोल्या तुमच्याच समजा," मी म्हटलं. मला अगदी भरून आलं. चहा केला. इसार देऊ लागले तर मीच म्हटलं, आईंना दाखवा आधी, घर बायकांनी पाहावं.

रात्री बरं वाटलं. घरात लहान मूल येईल. गेल्या हिवाळ्यात जवानांसाठी स्वेटर विणले त्यातली लोकर उरली आहे, रंग लष्करी हिरवा, पण टोपडं होईल.

९ जून

इंद्रभानच्या आई आल्या, केसरबाई. काटक, हसऱ्या, कपाळावर गोंदण. दारातच हात जोडून "जयभीम, बाई" म्हणाल्या.

मला आधी कळलं नव्हतं का? नाव ऐकलं, गाव ऐकलं, पुढचं विचारलं नाही. विचारावंसं वाटलं नाही असं मी म्हणेन.

केसरबाईंनी भिंतीला हात लावून पाहिला, मग हाताचा वास घेतला. "नवा चुना. लेकराले चांगला," म्हणाल्या. खिडकी उघडून मिटून पाहिली. मागच्या अंगणात आल्या आणि विहिरीपासून बऱ्याच लांब थांबल्या. तिथूनच विचारलं, "पानी कोठून घ्याचं, बाई?"

मी म्हटलं, "इथूनच."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पदरानं तोंड पुसलं.

त्या गेल्यावर मनकर्णाबाईंनी विचारलं, "कोन लोक हायेत ते?" मी सांगितलं. "हं," एवढंच म्हणाल्या आणि घागर उचलून आत गेल्या. मग बराच वेळ भांड्यांचा आवाज येत होता. आपटल्यासारखा.

१० जून

मला स्वतःला काही नाही. आमच्या वसतिगृहात सगळ्या तऱ्हेच्या मुली होत्या, एका टेबलाशी जेवत होतो. पण मनकर्णाबाई सकाळपासून माझ्याशी बोललेल्या नाहीत. पुंजाजी जाता-येता खाली पाहतात. हे बिऱ्हाडही गेलं तर? दोन्हीकडचं भाडं बंद झालं की घर विकायला प्रभाकरला पत्रसुद्धा लिहावं लागणार नाही. आणि विहीर एक आहे. शिवाय त्या मुलीलाच इथं बरं वाटलं नाही तर? अवघडलेली बाई, शेजारीण बोलत नाही, पाण्याला जाताना नजर. तिच्याच दृष्टीनं विचार करायला हवा.

११ जून

आज जे झालं ते लिहायला हात उचलत नाही. तरी लिहिते.

इंद्रभान इसार घेऊन आले. कॉन्व्हेंटमध्ये आम्हांला शिकवलं होतं, एखाद्याला नाही म्हणायचं असेल तर त्याच्याविषयी काही बोलू नये, कारण आपल्या बाजूचं द्यावं, म्हणजे समोरच्याचं मन दुखत नाही. मी तसंच केलं. म्हटलं, "फार वाईट वाटतं, पण कालच पत्र आलं. माझा भाचा निवृत्ती सहकुटुंब इथं येतो आहे."

माझा निवृत्ती नावाचा भाचा नाही. कोणत्याच नावाचा भाचा नाही. मी आईवडिलांची एकुलती एक.

पैसे त्यांच्या हातातच होते, म्हणून मीच पुढे बोलत गेले. "त्याची बायको ओली बाळंतीण आहे. आत्ताच बाळंत झाली. तिला कुठं ठेवणार?" हे बोलायची काय गरज होती? त्यांच्या गरजेवर माझी गरज वरचढ ठरावी म्हणून बोलले. त्यांचीच गरज उचलली आणि माझ्या खोट्या भाच्याला नेसवली.

इंद्रभानांनी पैसे पुन्हा खिशात ठेवले. "बाळंतीण आहे म्हटल्यावर प्रश्नच नाही," म्हणाले. चपला घालताना वळून विचारलं, "निवृत्तीराव कधी येतात?"

"येतील लवकरच."

"सामान उतरवायला माणूस लागला तर निरोप पाठवा. मी ऑफिसात असतो."

चहा विचारायचं राहून गेलं.

१४ जून

पाटी काढली. ती राहिली असती तर खोटं उघडं पडलं असतं. खोल्यांना कुलूप लावलं.

मनकर्णाबाई आपणहून बोलल्या. "भाचा येनार हाये मनता? कवाचा? आमी तं कवा नाव नाही आयकलं."

"लांबचा आहे."

"कोन्या गावचा?"

"यवतमाळकडचा."

"काय करते?"

"जंगल खात्यात आहे."

म्हणजे आता तो जंगल खात्यात आहे.

२१ जून

दुपारी मी देवळात गेले होते. तेवढ्यात शेतकी खात्यातले कोणी सुपरवायझर बायकामुलांसह खोल्या पाहायला आले होते. मनकर्णाबाईंनी त्यांना परस्पर वाटेला लावलं. "मी सांगतलं, येथं वकिलीणबाईचा भाचा येऊन राह्यला, मोठा सायेब हाये जंगलातला. तुमी दुसरीकडं पाहा." केवढ्या अभिमानानं सांगत होत्या.

मी "बरं केलंत" म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

परवा किराणावाल्यानंही विचारलं, भाचेसाहेब आले का. गावभर झालं आहे. खोली रिकामीच राहणार आहे हे आता एकट्या मलाच माहीत, आणि मी कोणाला सांगू शकत नाही. संध्याकाळी कुलूप काढून आत दिवा लावते, सामान लावते आहे असं वाटावं म्हणून. थोडा वेळ बसते, उठते. चुन्याचा वास अजून आहे.

२८ जून

इंद्रभान आले होते. हातात पितळी डबा, वर फडकं बांधलेलं.

"आईनं पाठवलाय. तुमच्या भाचेसुनेसाठी. डिंकाचे लाडू आहेत." मग जरा संकोचून म्हणाले, "आमच्या घरचं चालत नसेल तर तसं सांगा. आईला मी समजावतो."

"अहो, असं काय बोलता?" मी चटकन डबा घेतला. जड होता.

त्यांनी खोलीच्या दाराकडे पाहिलं. कुलूप होतं. "निघाले नाहीत अजून?"

"बाळाला जरा सर्दी आहे. आठवड्यानं येतील."

"तान्ह्या मुलाला जपलं पाहिजे," ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावरून मला काही कळलं नाही. बायको अजून गावीच आहे. इथं जागा मिळत नाही, म्हणाले. बऱ्याच ठिकाणी विचारलं. "सगळीकडे कोणाचे ना कोणाचे भाचे येतायत," म्हणाले आणि हसले. मीही हसले. ते गेल्यावर माझ्या लक्षात आलं, मी कशाला हसले ते.

३ जुलै

डबा फडताळात आहे. रोज उघडते आणि झाकते. तुपाचा वास येतो, खारीक-खोबरं भरपूर घातलं आहे. त्या घरात हे सगळं सहज परवडत नसणार. खाऊन टाकावं तर ज्या बाईसाठी केले ती बाई नाही. टाकून द्यावं तर ते अन्न. मनकर्णाबाईंना द्यावं तर कुठून आले ते सांगावं लागेल.

आज मुंग्या लागलेल्या दिसल्या. शेजारच्यांची गाय दारात उभी होती. तिला घातले. गाईच्या मुखी गेलं म्हणजे वाया गेलं नाही, असं मी तिला भरवताना मनात म्हणत होते. गाय मान हलवत खात होती. एक लाडू हातात धरून मी बराच वेळ उभी होते. तोही तिलाच दिला.

डबा घासून पालथा ठेवला आहे. कोणाचा डबा रिकामा परत करायचा नसतो. माझ्या आईनं मला एवढं तर शिकवलं होतं. पण त्यात घालू काय?

१० जुलै

पाऊस थांबत नाही. घाटात दरड आली म्हणून मलकापूरची टपाल गाडी काल आलीच नाही. टोपडं विणून झालं.

१८ जुलै

पुंजाजी समन्स बजावायला मोताळ्याला गेले होते. सकाळच्या गाडीनं यायचे ते दुपार टळल्यावर आले, आणि बोडके. त्यांच्या डोक्यावर पटका नाही असं मी कधी पाहिलं नव्हतं. मनकर्णाबाई किंचाळल्याच, "पटका कोठी हाये? कोनं मारलं काय तुमाले?"

"मारते कोन," पुंजाजी ओट्यावर बसत म्हणाले. "पटक्यात लेकरू हाये."

मग सांगितलं. धामणगावची एक पोटुशी बाई सासूबरोबर गाडीत होती. राजूरच्या घाटात दरडीपाशी गाडी अडकली आणि तिथंच तिच्या पोटात दुखू लागलं. कंडक्टरनं सगळी गडीमाणसं खाली उतरवली. बायांनी लुगड्यांचे पडदे धरले. पावसात खाली उभे राहून गडी नुसते गाडीच्या पत्र्याकडे पाहत होते. "लेकरू रडलं तवा डायवरनं हारन वाजवला," पुंजाजी म्हणाले. "गुंडाळाले सुकं फडकं कोनाजवळ नोतं. सारे वलेचिंब. माहा पटका तेवढा पिशवीत सुका होता. देला."

"पोरगा का पोरगी?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

"पोरगी. रस्ता मोकळा झाल्यावर सरळ दवाखान्यात आनलं. पोरगी बरी हाये. मायचं काई सांगता येत नाही, रगत लय गेलं."

मी विचारलं, "नाव काय त्या लोकांचं?"

"सासूले केसरबाई म्हनत होते."

मनकर्णाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी आत आले.

आमच्या खिडकीतून दवाखान्याचं छप्पर दिसतं. आधीही दिसत होतं.

१९ जुलै

दवाखान्यात गेले. सगळं सांगून टाकायचं असं ठरवून गेले होते. वाटेत शब्दही जुळवले होते.

बायकांच्या वॉर्डाच्या दारातूनच ती दिसली. सिंधू तिचं नाव. कागदासारखी पांढरी, डोळे मिटलेले. पायथ्याशी केसरबाई बसल्या होत्या, मांडीवर पुंजाजींचा लाल पटका आणि पटक्यात ती पोर. केसरबाईंनी मला ओळखलं आणि त्यांचा चेहरा उजळला. खरंच उजळला.

"या बाई, या. पाहा आमची पोरगी. गाडीत आली, तिकीट नाही काढलं!" म्हणून हसल्या. डोळे सुजलेले होते. मग मी काही बोलायच्या आतच विचारलं, "तुमची सून कशी हाये? लाडू खाल्ले का तिनं? डिंक बरा तळला होता ना? सिंधूसाठी केले होते, मनलं अर्धे तिकडं द्या, तिले आत्ता गरज हाये. हिले मंग करता येतीन."

मी म्हटलं, "खाल्ले."

म्हटलं, "फार आवडले."

केसरबाईंना किती बरं वाटलं. "मंग अजून पाठवते," म्हणाल्या.

तिथून कशी बाहेर आले ते आठवत नाही. जिन्यात इंद्रभान भेटले, हातात औषधाची बाटली. त्यांनी नमस्कार केला. मी खाली पाहून निघून आले. मला साठावं लागलं आहे. इतकं शिकले, इतकं वाचलं, आणि एका वाक्याचं धाडस माझ्याजवळ नाही.

२३ जुलै

सिंधूच्या जिवाला आता धोका नाही, असं पुंजाजी सांगत आले. ते रोज तिकडे डोकावतात. पटका परत मागायला जातो म्हणतात, पण आणत नाहीत.

मी मनकर्णाबाईंना बोलावलं आणि सांगितलं. निवृत्ती नाही, सून नाही, बाळ नाही. त्या लोकांना नाही म्हणायला म्हणून मी ते रचलं. "तुम्ही रागावलात म्हणून," असंही म्हटलं. ते म्हणायला नको होतं.

मनकर्णाबाई जमिनीवर बसल्या. "म्या कवा म्हन्लं, त्याईले देऊ नका मनून?"

"म्हणाला नाहीत. पण भांडी आपटत होतात. बोलणं टाकलंत."

"हाव, आपटली. आली होती मनात किल्मिष, काऊन नाही म्हनू? चार दिवस तोंड फुगवलं असतं म्या. पाचव्या दिवशी पान्यावर बोलली असती. बाळंतपन आलं असतं तं मीच धावली असती, दुसरं कोन हाये येथं?" त्यांचा आवाज चढला. "तुमाले चार दिवस बी दम नाही निघाला, वकिलीणबाई? अन माह्या नावावर फाडलं बिल!"

मी पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे सरकवला.

"अन तो शेतकी सायेब म्या हाकलून देला, ह्या तोंडानं! जंगलातला सायेब येते मनून!" एवढं बोलून त्यांना हसू आलं आणि मग रडू आलं. मग उठल्या. उंबऱ्यात थांबून म्हणाल्या, "मी फुगली असती ते तरी खरं असतं."

दहा जूनला मी लिहिलं होतं, मला स्वतःला काही नाही. ते पान आज पुन्हा वाचलं.

४ ऑगस्ट

केसरबाईंच्या डब्यात टोपडं ठेवलं आणि खोल्यांची किल्ली ठेवली. पुंजाजींच्या हाती पाठवला. मनकर्णाबाई म्हणत होत्या, स्वतः जा. मी म्हटलं, गुडघा दुखतो. दुखतोही.

चिठ्ठीत लिहिलं: "खोल्या रिकाम्या आहेत. पहिल्यापासून होत्या. तुम्ही या." तीनदा लिहून फाडली. शेवटी चिठ्ठी पाठवलीच नाही, नुसती किल्ली पाठवली. ते समजतील.

११ ऑगस्ट

इंद्रभान आले. चपला दारात भिंतीशी लावल्या, पहिल्या दिवशीसारख्या. हातात तोच डबा. आज बारसं होतं. डब्यात घुगऱ्या होत्या, अजून कोमट. आणि घुगऱ्यांवर पळसाच्या पानात गुंडाळलेली किल्ली.

टोपडं नव्हतं.

"टोपडं फार छान झालं," ते म्हणाले. "आई तिला मिलिटरीवाली म्हणते आता. काढूच देत नाही डोक्यावरनं."

मी विचारलं, "आणि किल्ली?"

ते आवाज न चढवता, अगदी अदबीनं म्हणाले, "ती खोली निवृत्तीरावांची आहे, बाईसाहेब. त्यांची जागा आम्ही कशी घ्यायची?"

मला तेव्हा कळलं, की माझं खोटं त्यांना पहिल्यापासून कळलं होतं.

"इंद्रभान, निवृत्ती..." मी सुरुवात केली.

"आईला माहीत नाही," ते मध्येच म्हणाले. "तिला वाटतं तुमची सून तिच्या लाडवांनी उठून बसली. गावात सगळ्यांना सांगते. तिला ते राहू द्या." मग जरा मऊ झाले. "आम्ही पलीकडच्या वस्तीत एक खोली घेतलीय. पत्र्याची आहे, पण पाणी दारात आहे. तिथं कोणी पत्र आलं म्हणून सांगत नाही."

मी चहा विचारला. ते बसले. मी एकच कप काढला होता. ओतताना चहा बशीत सांडला. "असू द्या," म्हणाले आणि बशीतूनच प्यायले. ह्यांच्यानंतर ह्या घरात कोणी बशीतून प्यायलं नव्हतं.

घुगऱ्या मी एकटीनं खाल्ल्या. सगळ्या, डबा पुसून.

२ सप्टेंबर

पाटी पुन्हा लावली आहे. कोणी येत नाही. बदल्या झाल्या, माणसं आपापल्या जागी लागली. प्रभाकरला खरं काय ते लिहिलं, पण सगळं नाही. त्याचं उत्तर आलं, सामान बांधायला घे.

२४ सप्टेंबर

दसरा तोंडावर आला. उद्या दुपारच्या गाडीनं मलकापूर, तिथून रेल्वे. घर विकायचं की ठेवायचं ते प्रभाकरनं ठरवावं. पण काही गोष्टी माझ्या आहेत, त्या कोणाकडे जाव्यात ते लिहून ठेवते. हे पान फाडून मनकर्णाबाईंजवळ देईन. त्यांना वाचता येत नाही, पुंजाजी वाचून दाखवतील.

मागचं बिऱ्हाड मनकर्णाबाई-पुंजाजींचं. घर कोणीही घेवो, ते स्वतः उठेपर्यंत त्यांना उठवू नये. प्रभाकर, हे तुझ्यासाठी आहे.

ह्यांचे दोन फेटे ट्रंकेत आहेत, ते पुंजाजींना. पटक्याच्या बदल्यात नव्हे. त्याची परतफेड होत नाही. पण डोकं उघडं बरं दिसत नाही.

माझी शिवणाची पेटी आणि उरलेली लोकर सिंधूला. हिरवा रंग संपला आहे, निळा आहे.

कप आणि बशी मी माझ्याबरोबर नेते.

पुढच्या दोन खोल्यांची किल्ली मनकर्णाबाईंजवळ राहील. जो पहिला येऊन विचारील त्याला द्यावी. नाव विचारावं, घरात माणसं किती ते विचारावं. तिथं थांबावं. आणि भांडी आपटावीशी वाटली तर खुशाल आपटावीत.

केसरबाईंचा पितळी डबा. तो पुन्हा माझ्याकडे आला आहे आणि पुन्हा रिकामा देता येत नाही. कालपासून बसून मी डिंकाचे लाडू केले. पहिला घाणा करपला, दुसरा बरा उतरला. मनकर्णाबाईंनी तो डबा पलीकडच्या वस्तीत नेऊन द्यावा आणि केसरबाईंना सांगावं, की वकिलीणबाईंना भाचा नव्हता, सून नव्हती, तुमचे लाडू

नाही. हे मनकर्णाबाईंकडे द्यायचं नाही. इंद्रभान म्हणाले होते, आईला ते राहू द्या. त्यात त्यांची माया आहे हे मला कळतं. पण त्या मायेचा आडोसा मी किती दिवस घ्यायचा? त्यांच्या सुनेच्या वाट्याचे ते लाडू होते आणि मी ते गाईला घातले. हे त्यांनी माझ्या तोंडून ऐकावं. मग हवं तर लाडू घ्यावेत, हवं तर डबा माझ्यासमोर रस्त्यात पालथा करावा.

गाडी उद्या दुपारी आहे. सकाळ रिकामी आहे. वरच्या दोन ओळी खोडते. डब्यापुढे माझं नाव लिहिते: हा डबा यमुनाबाईंनी स्वतः नेऊन द्यावा.